लेन्सशेजारचा दिवा

घराला रंग देताना पुट्टी घासून झाली की जाणता रंगारी खोलीतली ट्यूब बंद करतो, वायरीचा उघडा बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरतो आणि कडेनं नजर टाकतो. समोरून काचेसारखी वाटणारी भिंत लगेच चहाडी करते. इथे पत्र्याची रेघ, तिथे पॉलिश पेपर न पोचलेला उंचवटा. भिंत तीच, फक्त बल्बची जागा बदललेली. चंद्राचंही तसंच. अष्टमीला दुर्बिणीतून पाहावं तर उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एकेक विवर कोरून काढल्यासारखं दिसतं. पौर्णिमेला तोच भाग सपाट, कारण तेव्हा सूर्य आपल्या पाठीमागून उजेड टाकत असतो आणि आपल्या नजरेला पडतील अशा सावल्याच उरत नाहीत. ‘मुखचंद्र’ म्हणताना कवींना पौर्णिमाच का आठवते, अष्टमी का नाही, याचं कारण बहुधा हेच असावं.

सिनेमाच्या सेटवर ही पौर्णिमा एका छोट्या दिव्यात भरून कॅमेऱ्यावर बसवतात. त्या दिव्याला ओबी म्हणतात. ओवी नव्हे, ओबी. मर्ल ओबेरॉन या ब्रिटिश नटीच्या आडनावाचा तो लाडका तुकडा. एखाद्या नटीचं नाव साडीला, केसांच्या वळणाला किंवा आइस्क्रीमला मिळणं नवं नाही. दिव्याला मिळणं विरळाच.

मर्लला निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डानं पुढे आणलं. १९३३ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजावरच्या चित्रपटात ती त्याची राणी अॅन बोलिन झाली. भूमिका इवलीशी, पण त्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिली. १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. मार्च १९३७मध्ये लंडनला मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. तेव्हा सुरू असलेला ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट त्यानंतर कायमचा बंद पडला. पुढे सौंदर्यप्रसाधनं आणि सल्फाची औषधं यांची कातडीवर वाईट प्रतिक्रिया उमटली, ती निस्तरायला कातडी घासून काढण्याचे उपचार झाले आणि त्यांनीही खुणा ठेवल्या. १९४४च्या ‘द लॉजर’च्या वेळी कॅमेरामन ल्युसियन बॅलर्डनं तिच्यासाठी लेन्सच्या अगदी शेजारी एक लहान दिवा बसवला. १९४५मध्ये दोघांनी लग्न केलं, १९४९मध्ये ते मोडलं. दिवा मात्र टिकला.

तो काय करतो ते पाहायला थोडी भूमिती लागते. गालावर अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा आहे असं धरा. उजेड कातडीशी ४५ अंशांनी आला तर त्याची सावली अर्धा मिलिमीटरच पडते. तोच उजेड बाजूनं, १० अंशांनी घसरत आला तर सावली जवळजवळ ३ मिलिमीटर लांबते. आता क्लोजअपमध्ये ९ इंची चेहरा पडद्यावर १५ फुटांचा झाला, म्हणजे २० पट, तर ती सावली ६ सेंटिमीटरची. एवढी काळी रेघ शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल. दिवा लेन्सच्या शेजारी आणला की काय होतं? सावली तेव्हाही पडतेच. पण ती उंचवट्याच्या बरोब्बर मागे पडते आणि लेन्सला तिथलं दिसत नाही. ओबी सावली पुसत नाही, तिला कॅमेऱ्याच्या नजरेआड उभी करतो.

म्हणून त्याची जागा फार महत्त्वाची. लेन्सच्या वर किंवा बाजूला, बोटभर अंतरावर. वीतभर सरकला की नाकाची सावली ओठावर डोकावते आणि सगळी मेहनत फुकट. दुसरं, तो एकटा लावायचा नसतो. मुख्य दिवा, सेटवरच्या भाषेत की लाइट, वरून आणि बाजूनं यायलाच हवा, कारण नाक-गाल-हनुवटी यांना आकार देतो तो तोच. ओबीनं फक्त सावल्यांमधला काळेपणा कमी करायचा. चेहऱ्याची उजळ बाजू अंधाऱ्या बाजूच्या साधारण दुप्पट राहिली तर चेहरा चेहरा वाटतो. दोन्ही सारख्या झाल्या की पापड. नवशिक्या कॅमेरामनचा ओबी ओळखायला हा पापड पुरेसा असतो.

सगळ्यात जास्त गडबड होते कॅमेरा हलायला लागल्यावर. दिवा कॅमेऱ्यालाच बांधलेला, त्यामुळे कॅमेरा ८ फुटांवरून ४ फुटांवर आला की चेहऱ्यावर पडणारा त्याचा उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. नटी रागानं बोलतेय आणि चेहरा आपला फुलत चाललाय! मग चालत्या शॉटमध्ये कुणीतरी तो हळूहळू मंद करत न्यावा लागतो. विजेचा दाब कमी करून तापल्या तारेचा दिवा मंद केला तर उजेड तांबूस होतो. कृष्णधवलमध्ये ते खपून जातं, रंगीत फिल्मवर गाल शिजल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा दिव्यापुढे झडपा किंवा तारेची जाळी सरकवणं बरं. शिवाय तेलकट कातडीवरून हा उजेड थेट लेन्समध्ये परत येतो, म्हणून कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर पावडर दर टेकला लागते. चष्मा असेल तर काचेत दिव्याचा ठिपका बसतो. पाठीमागची भिंत हातभर अंतरावर असेल तर डोक्याभोवती सावलीची काळी किनार उमटते. पात्राला भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आणलं की ती निघून जाते.

जमेची बाजू डोळ्यांची. बुबुळात एक चमकता बिंदू बसतो आणि डोळे जिवंत होतात. बरेच कॅमेरामन तर आजही ओबी लावतात ते व्रणांसाठी नव्हे, या बिंदूसाठी. व्हिडिओ करणाऱ्या पोरी जो गोल रिंगलाइट वापरतात, तो याच कल्पनेचा नातू. त्यात लेन्स भोकातून पाहते, त्यामुळे कुठल्याच बाजूला सावली नाही आणि बुबुळात ठिपक्याऐवजी बांगडी.

आणखी एक. हा दिवा उंचसखलपणा झाकतो, डाग नाही. डाग म्हणजे सावली नव्हे, तो कातडीचाच रंग. त्याला मेकअपच हवा. आणि ओबीवाचून अडतं असंही नाही. १९३९च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये, अपघातानंतर दोनच वर्षांनी, कॅमेरामन ग्रेग टोलंडनं मर्लची कॅथी, म्हणजे नायिका, मऊ उजेडात अशी टिपली की तिचा सर्वांत देखणा चेहरा माझ्या मते तोच. टोलंडला त्या कामासाठी ऑस्कर मिळालं.

या दिव्याबद्दल वाचताना मर्लचं आयुष्य आठवल्यावाचून राहत नाही. ती जन्मली मुंबईत, १९११ साली, अँग्लो-इंडियन घरात, एस्टेल मर्ल थॉम्पसन या नावानं. लहानपण पुढे कलकत्त्यात गेलं. ला मार्टिनिएर शाळेत तिच्या मिश्र रक्तावरून इतकं चिडवलं गेलं की तिनं शाळा सोडली. त्याच शहरात तिनं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकांत कामं केली आणि विसाव्या वर्षाच्या आत युरोप गाठला. तिथे चित्रपटात नाव होऊ लागलं तसा जन्माचा नवा पत्ता तयार झाला: ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं टास्मानिया बेट. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती. नायिकेचं रक्त कुठलं, हा नुसता चहाटळपणाचा प्रश्न नव्हता, पोटाचा होता.

टास्मानियाची निवड हुशारीची. ब्रिटिश साम्राज्यातलं, पण लंडनपासूनही लांब आणि हॉलिवूडपासूनही लांब. ओबीला अंतर मानवत नाही, अशा पत्त्याला मात्र अंतरच लागतं. ते एकदा संपलंच. १९७८मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टला, तिचा नागरी सत्कार ठरला. आपल्या मातीतली मुलगी घरी आली म्हणून टास्मानियाची मंडळी कौतुकानं जमली, आणि ती तब्येतीचं कारण सांगून मधूनच निघून गेली. मुंबईचा जन्मदाखला लोकांसमोर आला तो ती गेल्यानंतर. त्या दाखल्यानं आणखी एक गोष्ट उघड केली: जिला ती थोरली बहीण समजत आली ती कॉन्स्टन्स तिची जन्मदाती होती, आणि जिला आई म्हणत आली ती शार्लट तिची आजी.

शार्लट तिच्याबरोबर लंडनला राहायची. वर्णानं सावळी. घरी पाहुणे आले की तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जायची. शार्लट १९३७मध्ये वारली, ज्या वर्षी अपघात झाला त्याच वर्षी. पुढे, १९४९मध्ये, मर्लनं एका जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगितलं की वर्ण उजळ कर. इथे दिव्याचं काम नव्हतं, रंगच बदलायचा होता. ते चित्र मर्लच्या घरांतून शेवटपर्यंत भिंतीवर होतं.