आमची वाटचाल : कागदाच्या टनांचा हिशेब

आमची फर्म छोटी. कोणता देश किती कागद-पुठ्ठा विकतो, किती घेतो आणि हे चित्र वर्षानुवर्षं कसं पालटत गेलं, याचे तक्ते आम्ही करून देतो. गिऱ्हाईक म्हणजे आयातदार, खोकी बनवणारे, अधूनमधून एखादी मिल.

सुरुवातीला विचारणा असायची न्यूजप्रिंटची. कॅनडा विकणार, अमेरिका घेणार, बाकीचे मागोमाग. पुढे वृत्तपत्रांचा खप उतरला आणि तो तक्ता मागणारं कुणी उरलं नाही. आम्ही खोक्यांच्या कागदाकडे वळलो. ऑनलाइन खरेदीच्या कृपेने पोटापाण्याची सोय झाली.

'आकडे तर फुकट मिळतात, मग पैसे कशाचे?' हा प्रश्न ठरलेला. खरंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची मालिका १९६१ पासून उघड्यावर पडली आहे. अशा वेळी आम्ही टेस्टलायनरचा आलेख पुढे ठेवतो. रद्दीपासून बनणाऱ्या या खोक्यांच्या कागदाला एचएस वर्गीकरणात, म्हणजे जगभरच्या कस्टम खात्यांच्या मालाच्या क्रमवार यादीत, स्वतःचे उपगट मिळाले ते २००२ च्या सुधारणेत. त्यामुळे आलेखात २००२ आधी सपाट मैदान आणि नंतर एकदम डोंगर! माल त्याआधीही जात होताच, फक्त त्या यादीतल्या ४८०५ क्रमांकाखालच्या दुसऱ्या रकान्यांत. ते रकाने जुळवून सलग मालिका उभी करायची, पैसे त्याचे.

देशांचीही तीच गत. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि काल देशातल्या देशात जाणारा कागद आज निर्यात ठरला. मिल तीच, ट्रकही तोच. शिवाय विकणाऱ्याची निर्यात आणि घेणाऱ्याची आयात रुपया-पैशात कधी जुळत नाही, कारण निर्यात बहुधा एफओबी लावतात, म्हणजे भाडं-विमा सोडून, आणि आयात सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून. आम्ही आधी टन बघतो, मग डॉलर.

सर्वांत धावपळीचा काळ चीनच्या बंदीचा. वर्षाला अडीच कोटी टनांहून जास्त रद्दी आणणाऱ्या चीनने २०१८ पासून न निवडलेली रद्दी थांबवली आणि २०२१ पासून सगळीच. भारत, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडे रद्दीचा ओघ वळला. चीनची रद्दीची ओळ तळाला गेली, पण पुनर्वापरातल्या, म्हणजे रद्दीपासूनच केलेल्या लगद्याची ओळ वर चढली. नुसती पहिली ओळ बघणाऱ्यांनी चीनची भूक संपल्याचं जाहीर करून टाकलं होतं. भूक कुठली संपते! ताट बदललं, एवढंच.

एक भोक मात्र आम्हाला अजून बुजवता आलेलं नाही. टीव्ही निर्यात होतो तेव्हा त्याचं खोकं कागदाच्या ४८ व्या प्रकरणात कुठेच दिसत नाही. ते टीव्हीच्याच नोंदीत जातं. तेच खोकं फाडून, गठ्ठे बांधून परत निघालं की ४७०७ खाली रद्दी म्हणून टनावारी मोजलं जातं. म्हणून अमेरिकेसारख्या देशाच्या रद्दीच्या निर्यातीत कागदाचा बराच तंतू मुळात बाहेरून आलेला असतो. ही टीप आम्ही प्रत्येक तक्त्याखाली छापतो. एका जुन्या गिऱ्हाइकाला ती खटकते, दरवेळी काढायला सांगतो. आम्ही काढत नाही, आणि तोही तक्ता घेणं थांबवत नाही.