वडिलांचे ओमेगा घड्याळ विकताना

आमच्या रत्नागिरीच्या घरातील कपाटाच्या वरच्या खणात वडिलांचे ओमेगा घड्याळ अकरा वर्षे रुमालात गुंडाळलेले होते. वडील गेल्यानंतर ते कोणी मनगटावर घातले नव्हते. मागील वर्षी आईच्या दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे घ्यायचे ठरले, तेव्हा तिनेच घड्याळाचा विषय काढला. "तुम्ही तिघेही ते घालत नाही. खणात गंजवण्यापेक्षा घालणाऱ्याच्या हातात जाऊ दे," असे ती म्हणाली. दादा आणि ताई यांनी लगेच होकार दिला, आणि मी ठाण्याला राहत असल्यामुळे पुढचे काम माझ्याकडे आले. जुन्या किमती घड्याळाची ओळख पटवणे, त्याचे मोल ठरवणे आणि ते विकणे या कामात माझे चार महिने गेले. असे घड्याळ अनेक घरांत पडून असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वडील व्यापारी जहाजावर तिसरे इंजिनिअर होते आणि हे घड्याळ त्यांनी एडन बंदरात घेतले होते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्या काळी एडन हे करमुक्त बंदर होते. सुएझमार्गे येणारी-जाणारी जहाजे तेथे इंधनासाठी थांबत, आणि भारतात स्विस घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे बोटीवरची माणसे कॅमेरा, ट्रान्झिस्टर आणि घड्याळ तेथेच घेत. खरेदीची पावती आणि मूळ डबी मात्र कधीच हरवली होती. खणात घड्याळाबरोबर वडिलांची 'नळी' मिळाली. खलाशी मंडळी आपल्या नोकरीच्या नोंदवहीला नळी म्हणतात. त्या नोंदवहीनुसार वडील १९६६ च्या जानेवारीत एका सफरीवरून मुंबईला उतरले होते. त्या वेळी मला या नोंदीचे महत्त्व कळले नाही.

पहिली चूक मी जवळजवळ केलीच होती. ठाण्यातील एका दुकानदाराने झाकण न उघडताच १२,००० रुपये देऊ केले. मी ते नाकारल्यावर, "डायलवर डाग पडले आहेत, दीड हजारात नवी करकरीत करून देतो, मग भाव येईल," असे तो म्हणाला. बोलणे पटण्यासारखे होते, कारण चार आणि पाच यांच्या मध्ये तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका खरोखरच होता. घरी विचारून सांगतो, असे म्हणून मी घड्याळ परत घेतले. त्या दिवशी होकार दिला असता, तर मूळ रंग खरवडून त्यावर नव्याने छपाई झाली असती आणि घड्याळाची निम्म्याहून अधिक किंमत गेली असती. भारतातून विक्रीला येणाऱ्या जुन्या घड्याळांकडे परदेशातील संग्राहक संशयाने पाहतात, त्याचे मोठे कारण आपल्याकडे सर्रास होणारे हे रिडायल आहे. दमट हवेने पडलेले डाग संग्राहक सहज स्वीकारतो, पण नव्याने रंगवलेली डायल स्वीकारत नाही.

ओळख पटली ती गिरगावातील एका वयोवृद्ध घड्याळजींच्या टेबलावर. त्यांनी आधी बाहेरून सर्व पाहिले. झाकणाच्या मधोमध वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे असे पदक असते. ही ओमेगाच्या कॉन्स्टेलेशन मालिकेची खूण आहे आणि ही मालिका १९५२ मध्ये सुरू झाली. आमच्या घड्याळावरील घुमटाच्या रेषा अजून बोटाला लागत होत्या. ज्या घड्याळांना वारंवार पॉलिश होते, त्यांच्यावरील हे पदक गुळगुळीत होऊन जाते, आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला, ज्या कानांनी पट्टा जोडलेला असतो त्यांच्या धारदार कडाही गोल होतात. "याला कोणी चाकावर धरलेले नाही," असे ते म्हणाले. मी येण्यापूर्वी ब्रासो लावून घड्याळ चमकवणार होतो, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी हातानेच नको अशी खूण केली.

मग झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला १६८.००५ असा क्रमांक कोरलेला होता. ओमेगाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा आकडी क्रमांकांची पद्धत आणली, आणि त्यातील पहिले तीन आकडे पुष्कळ काही सांगतात. १६६ म्हणजे तारीख दाखवणारे साधे स्वयंचलित घड्याळ, १६७ म्हणजे तारीख नसलेले क्रोनोमीटर आणि १६८ म्हणजे तारखेसह क्रोनोमीटर. क्रोनोमीटर म्हणजे वेळेच्या अचूकतेची अधिकृत चाचणी उत्तीर्ण झालेले घड्याळ. केस पोलादी होती. आतील मशीन तांबूस-गुलाबी मुलाम्याचे होते. त्यावर ५६१ हा कॅलिबर क्रमांक, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा क्रमांक, २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे) असल्याचा उल्लेख आणि 'पाच स्थिती व तापमान यांसाठी जुळवलेले' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले होते. मशीनवरील आठ आकडी अनुक्रमांक २२ ने सुरू होत होता. ओमेगाच्या अनुक्रमांकांचे जे तक्ते संग्राहक वापरतात, त्यांनुसार २ कोटी २० लाखांच्या पुढील क्रमांक साधारण १९६५ चे असतात. मी पिशवीतून वडिलांची नळी काढून त्यांच्यासमोर ठेवली. घड्याळ १९६५ चे आणि वडील बोटीवरून उतरले १९६६ च्या जानेवारीत. साठ वर्षांपूर्वीच्या दोन नोंदी, एक स्वित्झर्लंडमधील कारखान्याची आणि एक मुंबई बंदराची, त्या छोट्या टेबलावर एकमेकींशी जुळल्या.

त्यानंतर त्यांनी भिंग माझ्या हाती दिले आणि झाकणाची आतली बाजू दिव्याखाली तिरपी धरायला सांगितली. तेथे सुईने खरवडल्यासारख्या अगदी बारीक खुणा होत्या: ७१, ७६, ८३ आणि ९२, प्रत्येक आकड्यापुढे एखादे अक्षर किंवा रेघ. घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर अशी खूण करून ठेवतात, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आले तर कोणी आणि केव्हा उघडले होते ते कळते. ८३ चा आकडा पाहताच मला आठवले की त्या वर्षी वडिलांचे घड्याळ पावसाच्या पाण्याने बंद पडले होते आणि महिनाभर ते आम्हाला सतत वेळ विचारत असत. मी त्या खुणा बराच वेळ पाहत राहिलो, आणि घड्याळजींनी मला घाई केली नाही.

डायलची परीक्षा सर्वांत अवघड होती. या घड्याळाच्या डायलला संग्राहक 'पाय-पॅन' म्हणतात, कारण ती उपड्या घातलेल्या थाळीसारखी दिसते: मध्यभाग सपाट आणि कडेला उतरते बारा पैलू. रिडायल करणारा नेमका या पैलूंवर चुकतो, कारण जाड रंगाने त्यांच्या कडा बुजतात. दहापट भिंगातून पाहिल्यावर आमच्या डायलवरील प्रत्येक कड स्पष्ट दिसत होती. ओमेगाचे चिन्ह आणि सहाच्या वरचा तारा हे छापलेले नव्हते, तर धातूचे स्वतंत्र तुकडे बसवलेले होते. तळाशी 'स्विस मेड' ही अक्षरे सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर होती. छपाईतील अक्षरांच्या कडा कोठेही पसरलेल्या नव्हत्या. डायल मूळचीच होती.

सर्व काही मात्र मूळचे नव्हते. या घड्याळाची खरी चावी दहा पैलूंची असते, तर आमच्या घड्याळाला गोल, खाचा असलेली साधी चावी बसवलेली होती. बहुधा १९८३ च्या दुरुस्तीत ती बदलली गेली असावी. ओमेगाच्या मूळ काचेच्या मध्यभागी आतून कोरलेले अत्यंत लहान चिन्ह असते, ते आमच्या काचेवर नव्हते. घड्याळजींनी घड्याळाची गती मोजणाऱ्या टाइमग्राफर यंत्रावर घड्याळ लावले. तासाला १९,८०० ठोके या गतीवर ते दिवसाला अकरा सेकंद पुढे जात होते. आजच्या क्रोनोमीटरला सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मर्यादा असते, त्यामुळे अनेक वर्षे तेल न मिळालेल्या यंत्राची ही कामगिरी उत्तम होती. सर्व्हिसिंग आधी करून घ्यावे का, असे मी विचारले. त्यांनी नको म्हटले. गंभीर संग्राहक आपल्या विश्वासाच्या माणसाकडूनच ते करून घेतो आणि विकणाऱ्याचा खर्च क्वचितच किमतीत भरून निघतो.

किंमत ठरवताना मी सुरुवातीला संकेतस्थळांवरचे आकडे पाहून हरखून गेलो होतो. तेथे याच क्रमांकाची घड्याळे दोन लाखांनाही लावलेली दिसली. पण तो मागणारा भाव होता, आणि मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. मी लिलाव कंपन्यांचे संपलेले लिलाव आणि विक्री झालेल्या वस्तूंच्या नोंदी पाहू लागलो. लिलावाच्या जाहीर आकड्यात बहुधा खरेदीदाराने वर दिलेले शुल्कही धरलेले असते, आणि विकणाऱ्याचे कमिशन त्यातून आणखी कमी होते, हेही ध्यानात ठेवावे लागले. पोलादी केस, मूळ डायल, बदललेली चावी आणि डबी-कागद नाहीत, अशी आमच्याशी जुळणारी उदाहरणेच मी एका वहीत लिहून काढली. त्यावरून ८०,००० ते १,१०,००० रुपये हा पल्ला मला वाजवी वाटला.

याच काळात एका व्यापाऱ्याने फोटो पाहून ४०,००० देऊ केले. मशीन दुसऱ्या, साध्या ओमेगातून काढून बसवले आहे, असे त्याचे म्हणणे होते. अशी अदलाबदल खरोखर होते; तारखेच्या साध्या घड्याळांत ५६२ हे जुळे मशीन असते आणि ते या केसमध्ये सहज बसते. पण आमचे मशीन ५६१ होते, त्यावर क्रोनोमीटरची अक्षरे होती आणि त्याचा काळ केसशी जुळत होता. मी अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो पाठवल्यावर त्याने उत्तर दिले नाही. खरे तर संशय घेणाऱ्याला मी दोष देत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकले गेलेले ओमेगा स्पीडमास्टर वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते, हे २०२३ मध्ये उघड झाले. तेथे तज्ज्ञ फसले, तर सामान्य खरेदीदाराने झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत हेच योग्य आहे.

परदेशी लिलावाचा विचार मी सोडून दिला, कारण वाहतूक, विमा आणि कमिशन वजा जाता या किमतीच्या घड्याळात फारसे उरत नाही. कायद्याची अडचण नव्हती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातील निर्यातबंदी शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होते. जाहिरात दिल्यावर पहिल्याच दिवशी, "क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील," असे सांगणारे दोघे भेटले. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढे माहीत असले की पुरते.

अखेर पुण्यातील एका संग्राहकाशी बोलणे झाले. मी जाहिरातीत चावी आणि काच बदललेली असल्याचे, डायलवरील डागांचे आणि सर्व्हिसिंग न झाल्याचे स्वतःहून लिहिले होते. तेच वाचून आपण फोन केला, असे त्यांनी सांगितले. ते ९०,००० वर होते, मी एक लाखावर. ९४,००० वर आम्ही थांबलो. त्यांनी वारसांबद्दल विचारले, तेव्हा मी आई, दादा, ताई आणि मी अशा चौघांच्या सह्यांचे संमतिपत्र दाखवले. वडिलांच्या पश्चात घड्याळ आमच्या सर्वांचे होते, त्यामुळे हा कागद मी आधीच करून ठेवला होता. पोलादी घड्याळ ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, मात्र सोन्याच्या केसचे असते तर दागिना म्हणून वेगळा विचार करावा लागला असता, असे आमच्या चार्टर्ड अकाउंटंटनी सांगितले होते.

व्यवहार १ डिसेंबरला गिरगावात त्याच घड्याळजींच्या टेबलावर झाला. संग्राहकांनी झाकण उघडून घेतले, अनुक्रमांक स्वतः वाचला आणि आतल्या खुणांचा फोटो काढला. रक्कम माझ्या खात्यात जमा झाल्याचे बँकेत पडताळून मगच मी पावती लिहिली, आणि तिच्यात क्रमांक, अनुक्रमांक, बदललेले भाग सर्व नमूद केले. नळीच्या त्या पानाची प्रतही त्यांना दिली.

नोव्हेंबर तीस दिवसांचा असल्यामुळे घड्याळाची तारीख ३१ दाखवत होती. या मशीनमध्ये तारीख थेट बदलता येत नाही. वडील अशा प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळचा चहा होताच, चावी ओढून काटे पूर्ण चोवीस तास पुढे फिरवत आणि आम्ही खिडकीतला आकडा सरकण्याची वाट पाहत उभे असू. एकदा मला करू द्याल का, असे मी संग्राहकांना विचारले. त्यांनी घड्याळ माझ्या हाती दिले. मी काटे फिरवले, मध्यरात्रीच्या थोडे पुढे ३१ खाली गेला आणि १ वर आला. तेथून आणखी अकरा तास पुढे नेऊन, भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून, चावी दाबली आणि घड्याळ त्यांना परत केले.