परत आलेलं पेडल

आंबा घाट उतरलं की साखरप्यात माझं गॅरेज. रात्री शटर ओढून पडलो तरी न्यूट्रलवर उतरणारी गाडी मला ओळखू येते. गिअरमधल्या गाडीचं इंजिन गुरगुरतं, न्यूट्रलवाल्याचे नुसते टायर वाजतात.

मे महिन्यात भरदुपारी एका पिकअपवाल्याचा घाटातून फोन आला. कोल्हापूरहून गूळ-कांदा भरून रत्नागिरीला निघालेला. ब्रेक गेला म्हणून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली होती. दरी सोडून गटार निवडलं, एवढं त्याच्या बाजूने आधीच सांगून ठेवतो.

मी नि पोरगा पोचेपर्यंत पाऊण तास गेला. पेडल दाबलं तर एकदम कडक. ड्रायव्हर कानकोंडा झाला. "मिस्त्री, आईशप्पथ सांगतो, तळाला गेल्तं." फोनवर मालक ओरडत होता, झोपला असेल म्हणून. ब्रेक तापल्याचं मला वासावरूनच कळलं होतं. पुढच्या डिस्क निळ्या पडलेल्या, पॅड काचेसारखे गुळगुळीत. ब्रेक ऑइल काढायचं निपल सैल केलं तर ऑइल कोऱ्या चहासारखं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरलं की ती हद्द १४० पर्यंत खाली येते. आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं, मग ऑइलचं काय सांगावं! उकळलं की त्याची वाफ होते. पाय दाबतो ती वाफच, चाकाला जोर पोचत नाही. निवलं की पेडल परत कडक, आणि ड्रायव्हर खोटा.

"न्यूट्रल होती ना मामा?" मी विचारलं. न्यूट्रलवर इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

"डिझेल वाचतंय की."

मालक फेरीला मोजून डिझेल देतो, उरेल ते ड्रायव्हरचं. असा हिशेब घालणारे मालक स्वतः कधी घाट उतरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑइल, पॅड बदलून, थोडं वर जाऊन मी गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला आणि उतरताना त्याला शेजारी बसवलं. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. स्क्रीनवर इंजेक्शनचा आकडा शून्य. चाकंच इंजिन फिरवत असतात, म्हणून कॉम्प्युटर डिझेल तोडतो. मग, जिथे रस्ता सरळ आणि मोकळा होता तिथे, क्षणभर न्यूट्रल केलं. आकडा लगेच वर आला, कारण आता इंजिन चालू ठेवायला डिझेल लागणारच. किल्ली बंद करणारे महाभाग तर वेगळेच. त्यांना तेच शून्य मिळतं, वर दोन-तीन दाबांत ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची ताकद संपते, स्टिअरिंग दगड होतं.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "पण मिस्त्री, पालीच्या पुढं बारक्या उताराला न्यूट्रलवर गाडी लांब जातीया, ते?" ते खोटं नाही. बारीक उतारावर गिअर गाडीला धरतो, पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. तिथे चार थेंब वाचतही असतील. पण घाटात आपण गाडी पळवायला नाही, अडवायला बसलेलो असतो. आणि तिथे वीस मिनिटांच्या न्यूट्रलला उलट पाव लिटरच्या आसपास जातंच.

मला टोचतंय ते वेगळंच. दोनच महिन्यांपूर्वी या गाडीचे पॅड मीच बदलले होते. ऑइल खराब झालंय, हेही फोनवर मालकाला सांगितलं होतं. "पुढच्या खेपेला बघू," म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि झाकण लावलं. बिलावर ओळ लिहिली नाही. आता तो सगळ्यांना सांगतो, मिस्त्री ऑइलबद्दल बोललाच नव्हता. पोरगा म्हणतो, गाडी द्यायलाच नको होती. मार्चमधल्या त्या दिवशी अजून तीन गाड्या दारात उभ्या होत्या, हे मी त्याला सांगत नाही.