इतर हक्कात काय?

अ‍ॅशबर्नहून पश्चिमेला अर्धा तास गाडी हाकली की डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या भिंती संपतात आणि रचलेल्या दगडांचे गडगे सुरू होतात. काउंटी (म्हणजे जिल्हा) तीच, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली लाउडन. पूर्वेकडे आम्ही आयटीवाले, आमची कोथिंबीर-कढीपत्त्याची दुकानं आणि रविवारची मराठी शाळा. पश्चिमेकडे घोडे, मातीचे रस्ते आणि जुनी चर्चं. १९५० मध्ये या अख्ख्या काउंटीत जेमतेम २१ हजार माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ती ४,२०,९५९ भरली. त्यातले चार आम्ही.

या भागात रस्त्याच्या कडेला रुपेरी पाट्या उभ्या असतात. काळी अक्षरं, डोक्यावर राज्याचा शिक्का. व्हर्जिनिया सरकार १९२७ पासून त्या लावत आलंय, आता अडीच हजारांच्या वर गेल्यात. इथे कोण राहिलं, कोण लढलं, कोण कोणाच्या घरी मुक्कामाला आलं, हे शंभरेक शब्दांत. पुण्यातली पाटी चालता चालता वाचून अपमान करून घेता येतो. ही पाटी ताशी पंचावन्न मैलांच्या वेगात वाचायची असते. त्यामुळे सात वर्षांत मी प्रत्येक पाटीची फक्त पहिली ओळ वाचली होती. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी थांबू."

ती पुढची वेळ माझे वडील आले तेव्हा आली. नाना वाई तालुक्यातून तलाठी म्हणून निवृत्त झाले. इंग्रजी ते सावकाश वाचतात, पण वाचायला घेतलेला कागद अर्धा सोडत नाहीत. लीसबर्गच्या दक्षिणेला पहिली पाटी मागे गेली तेव्हा त्यांनी जावयाला एवढंच विचारलं, "घाई आहे का तुम्हाला?" जावई पुढच्या वळणावरून गाडी उलटी घेऊन आला.

ओक हिल. अमेरिकेचे पाचवे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचं घर. उंच खांब, पुढे भलंमोठं आवार, आणि आम्ही गेलो तेव्हा खाजगी मालकी, म्हणजे आत जाणं नाही. नानांनी पाटी वाचली, फाटकाकडे पाहिलं, म्हणाले, "पाटी सरकारची, वास्तू मालकाची. चला."

तिथून थोड्याच अंतरावर ओटलँड्स. तिकीट काढून बघता येतं. जॉर्ज कार्टरने १८०४ मध्ये बांधायला घेतलेला वाडा, दर्शनी बाजूला पांढरे खांब, बाजूला उतारावर पायऱ्यापायऱ्यांची बाग. आम्ही बागेत फोटो काढत होतो. नाना बाकावर बसून माहितीपत्रक वाचत होते. संपल्यावर त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, "वर कार्टरचं नाव आहे, ते बरोबर. पण इतर हक्कात काय?"

ज्यांनी सातबारा कधी निरखून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मालकाचं नाव ठळक असतं आणि त्यावर कोणाचं फारसं भांडण नसतं. खरी गोष्ट 'इतर हक्क' या रकान्यात असते. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, कोणाची वाट कोणाच्या बांधावरून जाते ते. नाना म्हणायचे, मालक कोण हे गावातलं पोरही सांगतं, भानगड काय ते रकान्यात बघावं लागतं.

तर ओटलँड्सच्या रकान्यात: १८६० मध्ये सव्वाशेहून अधिक गुलाम. लाउडनमधल्या कुठल्याही मळ्यापेक्षा जास्त. शेत कसलं त्यांनी, स्वयंपाक रांधला त्यांनी. आणि गंमत (गंमत कसली) अशी की याच जॉर्जचे वडील, रॉबर्ट कार्टर तिसरे, यांनी १७९१ मध्ये रीतसर दस्त करून आपल्याकडच्या साडेचारशेहून अधिक गुलामांची टप्प्याटप्प्याने मुक्तता मांडली होती. नावनिशीवार यादीसकट. हे मी नानांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, थक्क होतील. ते म्हणाले, "बाप सोडतो, पोरगा धरतो. तीस वर्षं हेच बघितलं मी." मग जरा वेळाने, "यादीत नावं होती म्हणतेस? वयं पण?" वयंही होती. "चांगला दस्त," नाना म्हणाले.

दुसऱ्या रविवारी वॉटरफर्ड. हे गाव मला मनापासून आवडतं, आणि का ते सांगताना मी जरा वाहवत जाते. १७३३ च्या सुमारास एमॉस जॅनी नावाचा क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) पेन्सिल्व्हेनियातून इथे आला आणि ओढ्याकाठी वस्ती झाली. खाली गिरणी, वर चढणीला रस्त्याला चिकटलेली विटांची आणि दगडांची घरं. आपल्याकडच्या पेठेसारखी, पडवीतून पाय खाली सोडला की रस्ता. १९७० मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, आणि त्यात नुसती घरं नाहीत, भोवतालची शेतंही आहेत. शेतं राखली म्हणून गाव गावासारखं दिसतं.

क्वेकरांना गुलामगिरी मान्य नाही आणि युद्धही मान्य नाही. राज्य मात्र व्हर्जिनिया, म्हणजे १८६१ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झाल्यावर गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचं. मग पंचाईत. इथल्या काही तरुणांनी उत्तरेच्या बाजूने 'लाउडन रेंजर्स' नावाची तुकडी काढली, आणि २७ ऑगस्ट १८६२ च्या पहाटे ती गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये मुक्कामाला असताना दक्षिणेच्या तुकडीने छापा घातला. दोन्हीकडे याच काउंटीतली पोरं. एकमेकांना नावाने ओळखणारी. विटांवर गोळ्यांचे वण अजून आहेत. नानांनी एकात बोटाचं टोक घालून पाहिलं आणि बोट धोतराला, म्हणजे आता पँटला, पुसलं.

आणि याच गावातल्या तिघी तरुण क्वेकर मुलींनी, लिडा आणि लिझी या डटन बहिणी आणि सारा स्टीअर, १८६४ मध्ये उत्तरेच्या बाजूचं वर्तमानपत्र काढलं. शत्रूच्या मुलखात बसून! मजकूर चोरून पलीकडे जायचा, छपाई बाल्टिमोरला. आठ अंक निघाले, मिळालेले पैसे जखमी सैनिकांच्या मदतीला गेले. चर्चवरच्या गोळ्यांपेक्षा मला या आठ अंकांचं अप्रूप जास्त.

गावाच्या एका टोकाला एकखोली लाकडी शाळा आहे. गुलामगिरी संपल्यावर, १८६७ मध्ये, काळ्या मुलांसाठी सुरू झालेली. ती १९५७ पर्यंत चालली. त्या दिवशी कुलूप होतं. खिडकीला नाक लावून नानांनी बाकं मोजली. मी त्यांना लीसबर्गच्या डग्लस हायस्कूलची गोष्ट सांगितली. तिथल्या काळ्या पालकांनी वर्गणी काढून आठ एकर जमीन घेतली आणि काउंटीला एका डॉलरला दिली, तेव्हा कुठे १९४१ मध्ये त्यांच्या मुलांना धड हायस्कूल मिळालं.

"एक डॉलर?" नाना खिडकीवरून वळले. "मग ते खरेदीखत नव्हे. ते बक्षीसपत्र." मग थोडं थांबून, "आणि बक्षीस कोणी कोणाला द्यायचं, ते बघ."

माउंट झायन चर्चवर मात्र आमचं भांडण झालं. आल्डीजवळचं हे १८५१ चं साधंसुधं चर्च. युद्धात इथे जखमी आणून ठेवले, आणि सैनिकांनी भिंतींवर आपापली नावं लिहून ठेवली. ती आता जपून ठेवली आहेत. मी म्हटलं, आपल्याकडे गडावर नाव कोरलं की आपण शिव्या घालतो. नवरा म्हणाला, हे मरणाच्या दारात होते, गडावरचे प्रेमात असतात. नाना म्हणाले, "फरक एवढाच, यांनी हुद्दा आणि पलटण लिहिली आहे. आपला बाळू गावाचं नावसुद्धा लिहीत नाही." दीडशे वर्षांनी बाळूच्या बदामालाही काच बसेल, असं माझं म्हणणं होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

परतताना गूज क्रीकचा पूल. चार दगडी कमानी, लांबी दोनशे फूट, १८०२ च्या सुमाराचा. १८६३ च्या जूनमध्ये इथे लढाई झाली, पण पुलाला विचाराल तर त्याचं आयुष्य सामानाच्या गाड्या वाहण्यात गेलं. १९५७ मध्ये हमरस्ता बाजूला सरकवला. (शाळाही त्याच वर्षीची, हे नानांच्याच लक्षात आलं.) आता दोन्ही टोकांना गवत आहे. नानांनी पूल पावलांनी मोजला. ऐंशी. परत येताना एक्क्याऐंशी भरली, म्हणून पुन्हा गेले. आम्ही कठड्याला टेकून दशम्या आणि तिळाची चटणी खात बसलो.

घराकडे वळताना आमच्या कॉलनीची पाटी लागली. दगडात कोरलेली, रात्री दिवा लागतो तिच्यावर. नावात शेवटी 'फार्म' आहे. या बाजूच्या निम्म्या कॉलन्यांच्या नावात फार्म, मिल नाहीतर रन (म्हणजे ओढा) असतं.

"थांबा," नाना म्हणाले. जावयाने मुकाट्याने थांबवली. नानांनी काच खाली करून ते दोन शब्द वाचले, उरलेला दगड वरून खालपर्यंत पाहिला. "शेत कोणाचं होतं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. सात वर्षं आम्ही त्याचे हप्ते भरतोय.

"इथे तलाठी नसतो, नाना," मी म्हटलं.

"तरीच," म्हणाले, आणि काच वर केली.