तुम्ही विचारलंत म्हणून: सहा जण मालवणी खानावळीत गेलो तर काय मागवायचं?

या प्रश्नाच्या पोटात नेहमी आणखी दोन प्रश्न असतात. थाळी घ्यावी की सुटं मागवावं, आणि शेवटी बिल बघून कुणाचा चेहरा पडू नये म्हणून काय करावं? दादर, गिरगाव, लालबाग, ठाणे, कुठेही असो, इथे आठ-दहा टेबलांच्या खानावळीचाच विचार केला आहे. मोठ्या एसी हॉटेलचं गणित वेगळं.

अशा खानावळीच्या आत साधारण काय असतं? एक मोठा तवा, वड्यांसाठी एक कढई, भाकऱ्यांची वेगळी शेगडी आणि सकाळीच शिजवून ठेवलेली दोन-तीन पातेली. तव्यावर एका वेळी सुरमईच्या सहा-आठ तुकड्या मावतात, आणि तो तवा सगळ्या टेबलांचा असतो. सहा जणांनी सहा सुरमई, दोन प्लेट बोंबील आणि दोन बांगडे एका दमात सांगितले की तुमची ऑर्डर तीन घाण्यांत निघते. पहिला घाणा आल्यावर दोघं जेवतात आणि चौघं बघत बसतात. म्हणून मेन्यूकार्डापेक्षा आतल्या तव्याकडे बघून ऑर्डर द्या.

म्हणजे असं. बसल्या बसल्या पातेल्यातलं काहीतरी सांगा: तिसऱ्यांचं (म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं) किंवा कोलंबीचं सुकं. ते पाच-सात मिनिटांत येतं. त्याच वेळी तव्यावरचा फक्त बोंबील सांगा, सहा जणांत दोन प्लेट. बोंबलात पाणी फार. दाबून पाणी काढलेलं असलं तरी तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटांत त्याचं रव्याचं कवच मऊ पडायला लागतं, म्हणून तो आधी आणि एकटाच खायचा. बोंबील टेबलावर आला की सुरमई सांगा, माणशी एक तुकडी. बोटाच्या पेराएवढी जाड तुकडी तव्यावर एका बाजूने तीन-चार मिनिटं घेते, तोवर बोंबील संपलेले असतात. भाकरी पहिल्यांदा माणशी एकच मागवा. तांदळाची भाकरी थंड झाली की चिवट होते, आणि दुसरी गरम मिळते हे माहीत असताना ताटात थप्पी कशाला? भात सहा जणांत तीन प्लेट पुरतो. बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट रस्सा, एक, पापलेटचं किंवा हलवा माशाचं कालवण एक. एवढ्यात सहा जणांचं पोट भरून वर थोडं उरतं.

कोंबडी-वडे हवे असतील तर मात्र बोंबलांबरोबरच सांगून टाका. वडे कढईत एका वेळी तीन-चारच तळले जातात आणि फुगलेले असतानाच खायचे असतात. मासे आणि कोंबडी-वडे दोन्ही मागवणाऱ्या टेबलावर वडे हमखास उरतात. एका जेवणात यातलं एकच निवडावं, असं आमचं मत.

वेळ तासाभराचीच असेल तर मात्र सरळ सहा थाळ्या घ्या. थाळीची सगळी रचनाच पटकन जेवून उठणाऱ्यासाठी आहे. गिरणगावात महिन्याच्या हिशोबाने गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना संघटित करण्यासाठी. ठरलेलं ताट, ठरलेला भाव आणि पाळीची वेळ गाठायची घाई, हे त्या जेवणाचं रूप आजच्या थाळीतही दिसतं. बऱ्याच ठिकाणी थाळीत रस्सा पुन्हा वाढतात, म्हणूनच 'थाळी शेअर करता येणार नाही' अशी पाटी असते. तीन थाळ्यांत सहा जण बसवण्याचा बेत करू नका. वाढणाऱ्या मामांशी पहिल्याच मिनिटाला बिनसतं, आणि पुढचं सगळं जेवण त्यांच्याच हातात असतं.

आता बिल. ते फुगतं ते बहुतेक वेळा एकाच ओळीमुळे. मेन्यूकार्डावर पापलेट, खेकडा, मोठी कोलंबी यांच्यापुढे आकडा नसतो, 'ए.पी.एस.' लिहिलेलं असतं. म्हणजे भाव साइजप्रमाणे. २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झालेलं पापलेट मागवताना मासा आधी ताटलीत आणून दाखवायला सांगा आणि तिथेच विचारा: "दादा, हा एक केवढ्याला?" नगाचा भाव आहे की वजनाचा, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हेही विचारून घ्या. तीनशे-चारशे ग्रॅमचं पापलेट दोघांना पुरतं. एकदा मसाला लागल्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

ताजेपणाची परीक्षा पहिल्या घासालाच होते. ताज्या सुरमईचे पापुद्रे ओलसर राहून सुटतात. बर्फात फार दिवस राहिलेली कोरडी, दोऱ्यादोऱ्यांची लागते. तिसऱ्यांत न उघडलेला शिंपला दिसला तर तो बाजूला ठेवा, नखाने उघडू नका. बांगड्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. तो नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. जीभ चुरचुरली, मिरी लागल्यासारखं झालं, तर तिखटाला दोष न देता बांगडा परत पाठवा. सोलकढीवर खोबऱ्याच्या दुधाचा थर जमलेला दिसला तर ती नुसती ठेवल्यामुळे बसलेली असते, ढवळून प्या. रंग बिटासारखा भडक असेल तर कोकमाबरोबर आणखी काहीतरी पडलंय असं समजा.

दिवस कुठला निवडावा? रविवारी दुपारी एक ते तीन रांग लागते, आणि श्रावण सुरू होण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात तर विचारूच नका. मंगळवारी किंवा गुरुवारी टेबल लगेच मिळतं, पण गिऱ्हाईक कमी म्हणून मासळीही कमीच आणलेली असते. बुधवार किंवा शुक्रवारची संध्याकाळ, साडेसातच्या आत, हा चांगला मध्य. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या काळात कार्डावरची सुरमई बहुधा बर्फातली किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. तेव्हा खाडीतल्या चिंबोऱ्या (खेकडे), तिसऱ्या आणि सुकी मासळी मागवा. सोड्यांचं (सुकवलेल्या सोललेल्या कोलंबीचं) किंवा सुक्या बोंबलाचं कालवण पावसात जास्तच लागतं. चिंबोऱ्या सहा जणांसाठी हव्या असतील तर सकाळी फोन करून सांगून ठेवा.

कंपूत कुणी शाकाहारी असेल तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे मागवा. ते मालवणीच जेवण आहे, पाहुण्यासाठी केलेली सोय नव्हे. भाकरी कुठल्या तव्यावर भाजतात आणि वडे कुठल्या तेलात तळतात, हे मात्र आधी विचारा.

बिलावर जीएसटी पाच टक्के असतो. खानावळ कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तर तिला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचना आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. लावलेला दिसला तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. वाढणाऱ्याला खुशीने द्यायचं ते हातात द्या.

उरलेल्यातलं पार्सल न्यायचं तर रस्सा आणि सुकं न्या, तळलेलं नको. रश्शात ओलं खोबरं असतं आणि उन्हाळ्यात ते लवकर आंबतं, तेव्हा घरी पोचल्यावर लगेच उकळी काढून मग फ्रिजमध्ये ठेवा.