अप्पांचं नैनीताल

नैनीतालला गाडीतून उतरल्या उतरल्या माणसं तळं बघतात. आमच्या अप्पांनी विचारलं, "सांडवा कुठंय?"

अप्पांची सगळी नोकरी कोयनानगरला, धरणावर गेली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पावसाळ्यात रोज सकाळी त्यांना कुणीतरी फोनवर पातळी सांगतं आणि ते ती खिशातल्या डायरीत उतरवतात. पातळी फुटात, साठा टीएमसीत. आई म्हणते, लग्नाचा वाढदिवस असा एकदा तरी लिहून ठेवला असता तर.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस, पहाटे काठगोदाम. रूळ तिथेच संपतात, पुढे पस्तीसेक किलोमीटर घाट. आईने तोंडात आवळासुपारी धरून ज्योलीकोटपर्यंत डोळे मिटून घेतले. हॉटेलच्या खोलीला 'लेक व्ह्यू' होता खरा, पण तो न्हाणीघराच्या खिडकीतून, तोही टाचा उंचावल्यावर. त्याचे जादा पैसे मी भरले होते, हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गाव समजायला सोपं आहे. तळ्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल, दोन्ही जोडणारा माल रोड. आपल्याकडच्या वरची आळी, खालची आळीसारखं. 1841 च्या सुमारास शहाजहानपूरच्या पी. बॅरन नावाच्या इंग्रज साखर व्यापाऱ्याने ही जागा जगाला दाखवली. तळ्यावर हक्क सांगणाऱ्या नरसिंहाला त्याने बोटीतून मधोमध नेलं आणि बुडवायची भीती घालून कागदावर सही घेतली, असा किस्सा सांगतात. हे ऐकून अप्पा म्हणाले, "साखरवाला ना? मग बरोबर आहे." आम्ही सातारा जिल्ह्यातले. जास्त बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी आई नैनादेवीला गेली. सतीचे डोळे इथे पडले म्हणून हे शक्तिपीठ, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे तिचा देवीशी थेट हिशेब होता. मी आणि अप्पा बाहेर मैदानात थांबलो. या मैदानाला 'फ्लॅट्स' म्हणतात. पोरं क्रिकेट खेळत होती, बाजूला भुट्टेवाला, मागे मोमोंची वाफ. डोंगरात एवढी सपाट जागा आली कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. अप्पांना पडला. त्यांनी मान वर करून समोरचा उतार बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "ही भर आहे. वरून आलेली."

बरोबर होतं. 18 सप्टेंबर 1880. दोन दिवस धो धो पाऊस. सकाळी शेर का डांडा डोंगराचा एक भाग खाली आला आणि काही माणसं गाडली गेली. त्यांना काढायला लोक धावले, आणि दुपारी त्याच डोंगराची त्याहून मोठी दरड त्या लोकांवर आली. 151 माणसं गेली. देवीचं जुनं देऊळही त्यात गेलं. राडारोड्याने तळ्याचा कोपरा भरून निघाला आणि मैदान तयार झालं. 151 हा आकडा वाचून मला माळीण आठवलं, तेव्हाही हाच आकडा छापून आला होता. अप्पांना मात्र मिरगाव आठवलं असणार. 2021 च्या जुलैत दरड आली ते मिरगाव कोयनानगरपासून लांब नाही. ते काही बोलले नाहीत. चेंडू आमच्याकडे आला तो त्यांनी उचलून परत टाकला.

त्यानंतर दीड दिवस आम्ही गटारं पाहिली. गटारं म्हणजे माझा शब्द. अप्पा म्हणाले, "नाला म्हण." 1880 नंतर इंग्रजांनी डोंगरभर नाल्यांचं जाळं बांधलं. पावसाचं पाणी उतारात मुरून माती सुटू नये, दगडी नाल्यातून सरळ तळ्यात यावं, एवढाच हेतू. माल रोडवर लोक लोकरी टोप्यांचा भाव करत होते आणि अप्पा कठड्यावरून वाकून नाल्याचा तळ बघत होते. पायरीपायरीने उतरवलेला, पाण्याचा जोर मोडावा म्हणून. मग त्यात पडलेली चिप्सची पाकिटं दाखवून मला म्हणाले, "हे सगळं शेवटी कुठं जाणार?" जणू मीच टाकली होती. याच माल रोडचा खालचा पदर 2018 च्या ऑगस्टमध्ये तळ्यात खचला होता. ते ऐकल्यावर अप्पा तळ्याच्या बाजूने चालेनात.

मल्लीतालच्या वर सूखाताल आहे. पावसात भरतं, एरवी नावाप्रमाणे कोरडं. आम्ही गेलो तेव्हा डबकंभर पाणी होतं, आणि काठावर घरं. मला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. अप्पा मात्र खुलले. "अगं, हा पाझर तलाव आहे! देवाने बांधलेला." इथं साठलेलं पाणी जमिनीतून झिरपत खालच्या तळ्याला मिळतं, म्हणजे उन्हाळ्यात नैनीताल जगतं ते या डबक्याच्या जीवावर. "आपण याच्यासाठी टेंडर काढतो," ते म्हणाले, "आणि हे लोक त्यात घरं बांधतात." मग थोडं थांबून, "आपणही बांधतो म्हणा."

सांडवा शेवटी तल्लीतालला सापडला. त्या जागेला डांठ म्हणतात. वरून गाड्या जातात, खाली तळ्याचे दरवाजे, आणि तिथून सुटलेलं पाणी बलिया नाल्यात. तिथे खुर्ची टाकून एक कर्मचारी बसला होता. अप्पा जाऊन म्हणाले, "हम भी इरिगेशनवाला. कोयना डॅम. छे दरवाजा."

"कोयना? भूकंप वाला?"

"हां हां, वोईच."

तो उठून उभा राहिला. अप्पांनी त्याला बसवलं, मग दोघंही उभेच राहिले. पातळी इथेही फूट-इंचात मोजतात, याचं अप्पांना माहेर भेटल्यासारखं झालं. पट्टीवरचं शून्य म्हणजे तळ्याचा तळ नव्हे, हे त्या माणसाने समजावलं. तळं खोल जागी 27 मीटर आहे, आणि 2017 च्या उन्हाळ्यात पाणी शून्याच्याही खाली गेलं होतं. अप्पा डायरीत लिहीत होते. दरवाजा किती इंच उचलला की पाणी किती उतरतं, यावर वीसेक मिनिटं चर्चा झाली. अप्पांचं हिंदी आणि त्याचं कुमाऊंनी वळणाचं हिंदी, पण 'डिस्चार्ज' आणि 'लेव्हल' या दोन शब्दांवर सगळं भागलं. निघताना तो म्हणाला, "दाज्यू, बरसात में आइए, तब देखने लायक होता है।" दाज्यू म्हणजे दादा. अप्पा हॉटेलपर्यंत छाती काढून चालले.

जेवणाचं श्रेय त्याचंच. त्याने सांगितलेल्या तल्लीतालच्या छोट्या खानावळीत गेलो. मॅगी नाही, पनीर नाही. आईने डाळीचा घास घेतला आणि थांबली. "हे हुलगे आहेत." इथे त्याला गहत म्हणतात. काळी भाकरी मडुव्याची, म्हणजे आपली नाचणी. बाजूला भांगेच्या बियांची चटणी. ती नशा आणत नाही असं मी दोनदा सांगूनही आईने बोटाच्या टोकावर तेवढीच चाखली आणि मग अप्पांच्या ताटातली सगळी संपवली. हुलगे किलोला काय भाव, हे विचारून ती आत चुलीपाशीच गेली.

शेवटच्या सकाळी आईला बोटीत बसवलं. अप्पा काठावर, फोटो काढायला.

परतीच्या गाडीत मी त्यांचा फोन घेतला. एकूण चौसष्ट फोटो. नाले, दरवाजे, सूखाताल, एका भिंतीला गेलेला तडा चार कोनांतून. आईचा एकच. बोटीत, नारिंगी जॅकेट घालून हसते आहे, आणि अगदी कडेला ढकललेली, कारण मधोमध पातळीची पट्टी यायला हवी होती. झूम केलं की अकरा फूट स्पष्ट वाचता येतात.