मे महिन्यात जुन्या गाडीने सोलापूर: रेडिएटरचा फॅन फिरत नसेल तर

पुण्याहून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. रस्ता चौपदरी, सरळसोट. हडपसर मागे पडलं की यवत, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ अशी गावं येत राहतात. आमची गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरवाली छोटी हॅचबॅक. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२च्या पुढे जातो हे काय कुणी सांगायला नको, पण मामांच्या घरची वास्तुशांत होती आणि मुहूर्त काही थर्मामीटर बघून काढत नाहीत. सोलापुरात काय बघावं, काय खावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी गाडीबद्दलच लिहितो.

जुन्या गाडीला हा हायवे फसवतो. ताशी सत्तर-ऐंशीने जाताना समोरून एवढा वारा येतो की रेडिएटरच्या फॅनची गरजच पडत नाही. आमचा टेंपरेचरचा काटा मोहोळपर्यंत निम्म्यावर ठाम होता. भिगवणला मासे खायला थांबलो, उजनीचं पाणी बघितलं, कुठे काही कुरकुर नाही. मोहोळच्या पुढच्या टोलनाक्यावर रांग लागली आणि काटा हलला. रांग सुटून गाडीने वेग घेतला तसा परत खाली. ही खूण लक्षात ठेवा. थांबल्यावर तापते आणि पळवल्यावर निवते, म्हणजे फॅनकडे बघा. उलट, पळवताना तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अडकलेला किंवा पाणी कमी, यातलं काहीतरी असतं.

जुन्या पुणे नाक्यावरून शहरात शिरलो आणि सात रस्त्याच्या सिग्नलला काटा लाल रेषेच्या जवळ. अशा वेळी हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल्ल, काचा खाली. हीटर म्हणजे शेवटी एक छोटा रेडिएटरच, इंजिनातली उष्णता तो आपल्या अंगावर फेकतो. बेचाळीस अंशांत हीटर लावून बसलेलं कुटुंब शेजारच्या रिक्षावाल्याने टक लावून बघितलं, बघू दे. काटा दोन रेघा उतरला आणि होटगी रोडला मामांच्या दारात पोचलो. रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असू शकतं, झाकण सुटलं की ते उसळून तोंडावर येतं. इंजिन हाताला सोसेल एवढं निवेपर्यंत थांबायचं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा सल्ला अपेक्षित तोच: फॅन डायरेक्ट करून देतो, चावी लावली की फिरत राहील. पुण्यापासून सोलापूरपर्यंत कुठेही जा, हाच सल्ला मिळतो आणि मला तो मुळीच पटत नाही. दोष आहे तिथेच राहतो, मोटरचे कार्बन, म्हणजे आतले ब्रश, विनाकारण झिजतात, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर सतत भार पडतो आणि बहुतेक वेळा ती वायर फ्यूज टाळूनच ओढलेली असते. शॉर्ट झाली तर बोनेटखाली आग. मामांनी आयुष्यभर यंत्रमागांच्या मोटारी सांभाळल्या आहेत. ते नुसतं म्हणाले, "मोटर चांगली हाय का, ते तर आधी बघ की बे. करंट कुठपर्यंत येतोय, तिथनं सुरुवात कर."

जुन्या गाडीतली ही साखळी सोपी असते. बॅटरीपासून फ्यूज, तिथून रिले (आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की मोठा करंट जोडणारा स्विच), रिलेतून मोटर, मोटरमधून अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत. रिलेला चालू-बंद करणारा थर्मोस्विच वेगळा, रेडिएटरवर किंवा थर्मोस्टॅटच्या आसपास बसवलेला. मध्यावरून तपासायला घेतलं की अर्धं काम एका फटक्यात उरकतं. आमच्या गाडीत थर्मोस्विचला एकच वायर आहे. पाणी तापलं की स्विच ती वायर अर्थ करतो. चावी ऑन करून ती वायर काढली आणि इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली. रिलेचा टक् असा आवाज आला, फॅन मात्र ढिम्म. म्हणजे चावीपासून रिलेच्या कॉइलपर्यंत सगळं शाबूत. याच जागी फॅन फिरला असता तर थर्मोस्विच गेलेला, किंवा पाणी कमी होऊन स्विचच्या तोंडाशी हवा अडकलेली. नवा स्विच आणण्याआधी पाण्याची पातळी बघा, निम्मे स्विच उगाच बदलले जातात. आणि टक् आवाजच आला नसता तर कॉइलचा फ्यूज आणि चावीकडून येणारी वायर तपासायची. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन लागतो, तेव्हा पात्यांत हात घालण्याआधी खात्री करून घ्या.

हॉर्नचा रिले त्याच पिनांचा होता, तो अदलाबदल करून बघितला. फरक नाही. मग मोटरचा कनेक्टर काढून, फ्यूज लावलेली जाड वायर बॅटरीपासून थेट मोटरला दिली. भुर्रकन फिरली. मोटरवर टिचकी मारल्यावरच ती फिरत असती तर कार्बन संपलेत असं समजायचं. आता उरली बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेच्या सॉकेटमार्गे मोटरपर्यंतची वाट, आणि अर्थ.

इथे मल्टिमीटर दगा देतो. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० नंबरच्या पिनेवर, म्हणजे बॅटरीकडून करंट येतो तिथे, आमच्या मीटरने साडेबारा व्होल्ट दाखवले. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे केसाएवढा जोड शिल्लक असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मामांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मागवला, दोन वायरी लावल्या, एक अर्थला आणि दुसरी त्याच पिनेला टेकवली. बल्ब नुसता लालसर मिणमिणला. सॉकेट उपसून बघितलं तर ३० नंबरच्या मागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं आणि आतली पितळी पकड फाकलेली. पकड सैल झाली की रोध वाढतो. आठ अँपिअर वाहताना तिथे अर्धा ओहम जरी रोध असला तरी चार व्होल्ट वाटेतच गळतात आणि ३२ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत साठते. उष्णतेने पकड आणखी सैल होते, की परत तेच. अशा सॉकेटमध्ये नवा रिले घातला तर तोही जळतो.

वायरीसकट तयार सॉकेट ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात सहज मिळतं. मोटरच्या वाटेला २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. जोड क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा), डाग द्या आणि वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही, टेपचा गोंद वितळून वाहतो. हात लागलाच आहे तर मोटरचा अर्थही पॉलिश पेपरने घासून काढा. फॅन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या निगेटिव्हपर्यंत मीटरने ०.२ व्होल्टच्या आत दाखवायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर तो बोल्ट पुन्हा खोला.

जोडणी झाल्यावर फॅन कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा. मोटरच्या दोन वायरी उलट लागल्या तर फॅन फिरतो पण वारा उलटा ढकलतो आणि समोरून येणाऱ्या हवेशीच भांडत बसतो. रेडिएटरच्या मागे बसवलेला फॅन असेल तर पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कपटा धरा. तो चिकटला पाहिजे. उडाला तर वायरी बदला.

आणीबाणीसाठी स्विच हवाच असेल तर तो मोटरच्या वायरीत घालू नका. थर्मोस्विचच्या वायरीला एक बारीक फाटा जोडून डॅशबोर्डखाली छोट्या स्विचमार्गे अर्थ करा. त्यातून फक्त रिलेच्या कॉइलचा, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी करंट जातो. फ्यूज आणि रिले जागच्या जागी राहतात आणि थर्मोस्विच आपलं काम करतच राहतो. आम्ही तसा बसवून घेतला.

संध्याकाळी सिद्धेश्वरला गेलो. भुईकोट किल्ला आणि तलाव एकमेकांना लागूनच आहेत, दोन्ही पायीच होतात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तुळजापूर गाठलं, पंचेचाळीसेक किलोमीटर. तुळजापूरच्या अलीकडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, भर दुपारी चढलो. आई भवानीचं दर्शन तर झालंच, फॅनचीही परीक्षा झाली. काटा निम्म्याच्या किंचित वर जायचा, फॅन लागायचा, काटा उतरायचा.

उन्हाळ्यात या बाजूला येणार असाल तर एक जादा रिले, मूळ क्षमतेचेच दोन-तीन फ्यूज, दोन मीटर जाड वायर आणि तो बल्ब सोबत असू द्या. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावू नका, बहुधा मोटर जाम होत चालली असते किंवा कुठेतरी वायर शॉर्ट होत असते. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन डिकीत मावतो. पुण्याहून पहाटे पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत सोलापूर. निघायच्या आदल्या दिवशी घराखाली गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहू द्या. फॅन आपोआप लागून परत बंद होईपर्यंत जागचे हलू नका, आणि हे दोनदा होऊ द्या. दुसऱ्यांदा लागला नाही तर रिलेचं सॉकेट बोटाने चाचपून बघा. गरम लागलं तर ते पुण्यातच बदलून घ्या.